भाड्याच्या घराला स्वतःच कलर काढायचाय? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दिवाळी जवळ आली, नाहीतर अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट रिन्यू व्हायची वेळ आली की तेच तेच प्रश्न येतात, कधी चेंबूरहून कधी बोरिवलीहून, आणि निम्म्यांची सुरुवात "पेंटरने फारच सांगितले हो" अशीच असते. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी रंगारी नाही. दोन भाड्याची घरं स्वतःच्या हाताने रंगवलीत, पहिलं वाईट आणि दुसरं बऱ्यापैकी, त्यामुळे चुका तोंडपाठ आहेत.

१. मालकाला न विचारता कलर काढला तर चालतो का? भिंत सुधारतेच ना त्याची?

नका काढू. बहुतेक लिव्ह अँड लायसन्स अॅग्रीमेंटमध्ये मालकाच्या लेखी परवानगीशिवाय घरात काही बदल करायचा नाही अशी एक ओळ असते, आणि एकदा भांडण लागलं की त्या ओळीत कलरसुद्धा बसवता येतो. फोनवर बोलणं झालं तरी नंतर व्हॉट्सअॅपवर टाका, कुठल्या खोल्या, कुठला शेड, सामानाचा खर्च कोणाचा, आणि घर सोडताना परत पांढरं करून द्यायचं का. समोरून नुसतं "चालेल" आलं तरी पुष्कळ झालं. फक्त हे ज्याची अॅग्रीमेंटवर सही आहे त्याच्याकडून घ्या, ब्रोकरला विचारलं म्हणजे मालकाला विचारलं असं होत नाही. आणि सुरुवात करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा, हे फोटो प्रश्न १८ मध्ये लागणार आहेत.

२. मुळात कलरचा खर्च कोणाचा, आमचा की मालकाचा?

अॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय त्याचा. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, लायसन्सी असतो, त्यामुळे कागदावर काय आहे तेच महत्त्वाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो, म्हणजे ड्राफ्ट तुमच्या हातात आधी येतो, तेव्हाच नीट वाचा. "पेंटिंग चार्जेस डिपॉझिटमधून वजा" असं काही दिसलं तर सही करायच्या आधी बोला.

केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अॅक्टचा फॉरवर्ड बऱ्याच जणांना आलेला असतो, त्यात भिंतींची रंगसफेदी मालकाच्या बाजूला टाकली आहे हे खरं आहे, पण तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि आपल्याकडे १९९९ चाच चालतो. बोलणी करताना दाखवायला ठीक आहे, हक्क म्हणून दाखवू नका.

माझ्या अनुभवात मालक ज्याला पटकन हो म्हणतात ते असं: त्यांना सांगायचं, सामानाचं बिल मालकाचं, मेहनत आमची, आणि बिल आम्ही आधी भरलं तर तेवढी रक्कम पुढच्या महिन्याच्या भाड्यातून वळती. त्यांचा पेंटरचा खर्च वाचतो, तुम्हाला स्वच्छ घर मिळतं. पागडीवाल्यांचं (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने राहणारे जुने भाडेकरू) गणित वेगळं आहे, प्रश्न १६ बघा.

३. स्वतः केलं तर खरंच पैसे वाचतात का, की नुसता दमायचा धंदा?

दोन्ही. मला वन बीएचकेसाठी पेंटरने २६ हजार सांगितले होते, स्वतः केलं तेव्हा सामान, ब्रश-रोलर, भाड्याचा घोडा (रंगाऱ्याची शिडी) सगळं धरून ८ हजारांच्या थोडं वर गेलं. पण त्यात माझा आणि बायकोचा मिळून एक मोठा वीकेंड, वर दोन दिवस रजा, आणि तीन दिवस बाहेरचं जेवण होतं, तेही धरा. रंगकामात मोठा हिस्सा मजुरीचा असतो, रंगाचा नाही, त्यामुळे वाचतं ते मजुरीतलं. म्हणून स्वस्तातला रंग घेऊन "अजून" वाचवायला जाऊ नका, तिथे हजार-दीड हजार वाचतात आणि एक हात (म्हणजे रंगाचा थर) जास्त मारावा लागतो.

खरी बचत कुठे आहे सांगू? सगळं घर न रंगवण्यात. भाड्याच्या घरात हॉल आणि बेडरूमच्या भिंती केल्या की घर नवीन वाटायला लागतं. सीलिंग पिवळं पडलं नसेल तर सोडा, मान वाचेल. कपाटामागची भिंत कोणी बघत नाही (ओल असेल तर मात्र बघा, प्रश्न ९).

४. रंग किती लिटर आणायचा? दुकानदार नेहमी जास्तच सांगतो.

टेप घ्या आणि मोजा. समजा खोली १० बाय १२ ची आणि उंची ९ फूट. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट, त्यातून दार आणि खिडकी वजा केली की ३६० च्या आसपास उरतं. सीलिंग १२० वेगळं. साधं इमल्शन (पाण्यातला, पुसता येणारा भिंतीचा रंग) दोन हात मारायला लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट धरा, म्हणजे भिंतींना पावणेतीन-तीन लिटर आणि सीलिंगला एक. ४ लिटरच्या डब्यात खोली बसली. खडबडीत किंवा पूर्वी गडद असलेली भिंत जास्त पिते.

पूर्ण घराचा अंदाज घाईत हवा असेल तर कार्पेट एरियाला (घराच्या आतली वापरायची जागा) साडेतीनने गुणा, भिंती आणि सीलिंग मिळून साधारण तेवढं येतं. कार्पेटच हां, ब्रोकरने सांगितलेला बिल्टअप नाही.

एक बारीक गंमत: पांढरा रंग १, ४, १०, २० लिटरमध्ये येतो, पण मशीनवर शेड बनवून घेतलात तर डबा थोडा कमी भरलेला असतो, १० च्या जागी ९, कारण वरून कलरंट पडायचा असतो. हिशोब काठावरचा असेल तर हा एक लिटर नडतो. आणि एकाच शेडचे दोन डबे आणले तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग मारा, नाहीतर भिंतीच्या मधोमध शेड बदललेला दिसतो.

५. डिस्टेंपर की इमल्शन?

एका वर्षात सोडणार असाल आणि भिंतीवर आधीच डिस्टेंपर असेल तर डिस्टेंपर, दोन-तीन वर्षं राहणार असाल तर साधं, खालच्या रेंजचं इमल्शन. डिस्टेंपर किलोवर मिळतो, स्वस्त असतो, पण मुंबईच्या दमट हवेत लवकर भुकटी सोडायला लागतो आणि पुसता येत नाही, भिंतीला टेकून बसलात की पाठ पांढरी. वरच्या रेंजचं चकचकीत इमल्शन भाड्याच्या घराला नको, एक तर महाग आणि दुसरं म्हणजे भिंतीचा प्रत्येक खड्डा-उंचवटा त्या चमकेत दिसतो.

दुकानात लोक नुसतं "ट्रॅक्टर द्या" म्हणतात. ती एशियन पेंट्सची रेंज आहे आणि त्या नावाने डिस्टेंपरही येतो आणि इमल्शनही, त्यामुळे पूर्ण सांगा. माझ्या ओळखीतल्या एकाने घरी येऊन झाकण उघडलं तेव्हा कळलं.

६. भिंतीवर आधी काय मारलंय हे कसं ओळखायचं? मालकालाच माहीत नाही.

तळहात घासा. भरपूर पांढरी पूड आली तर चुना किंवा जुना डिस्टेंपर. ओला स्पंज घासल्यावर रंग निघायला लागला तरी डिस्टेंपरच. काहीच येत नाही आणि पाणी थेंब होऊन ओघळतं, हाताला गुळगुळीत लागतं, मग ऑइल पेंट असण्याची शक्यता जास्त, चाळीतल्या खोल्यांत खाली तीन-चार फूट असतोच. मधलं काही असेल तर इमल्शन.

हे ओळखायचं कारण असं की चुन्यावर थेट इमल्शन मारलं तर ते चुन्याला चिकटतं, भिंतीला नाही, आणि वाळताना पापुद्र्यासारखं सुटून येतं. चुना असेल तर खरवडायलाच लागतो. ऑइल पेंट असेल तर पॉलिश पेपरने घासून त्याची चमक मारायची आणि मग प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी मारायचा हात), नाहीतर नखानेसुद्धा रंग निघतो. जुन्या ऑइल पेंटला घासण्याआधी प्रश्न १४ वाचा.

७. सामान काय काय लागतं?

९ इंची रोलर आणि त्याला लावायला लांब दांडा, कोपऱ्यांना आणि स्विचबोर्डच्या कडेला २ इंची ब्रश, पुट्टीसाठी (भोकं बुजवायचा, भिंत सपाट करायचा लगदा) दोन पत्रे म्हणजे सपाट पट्ट्या, एक रुंद एक अरुंद, पॉलिश पेपर ८० नंबरचा खरवडायला आणि १८० किंवा २२० चा पुट्टीवर फिरवायला, मास्किंग टेप, जुन्या चादरी, रद्दी पेपर, टोपी, मास्क, चष्मा. रोलरवर कंजुषी करू नका, स्वस्त रोलरची लव भिंतीला चिकटते आणि वाळल्यावर भिंतीला दाढी आल्यासारखी दिसते.

शिडी विकत घेऊ नका, एरियातला पेंटवाला नाहीतर मंडपवाला घोडा दिवसाच्या भाड्याने देतो. प्लॅस्टिकच्या स्टुलावर स्टूल ठेवून सीलिंग करणाऱ्यांना काय सांगायचं.

हत्यारं घ्यायला नागदेवी स्ट्रीटला गेलात तर व्हरायटी आहे, पण रंग मात्र घराजवळच्या, शेड मशीन असलेल्या दुकानातून घ्या, कमी पडला तर चालत जाऊन आणता येतो आणि न उघडलेला पांढरा डबा ओळखीवर परत घेतात. आधी विचारून घ्या, मशीनवर बनवलेला शेड कोणीच परत घेत नाही. आणि हो, पुट्टीच्या गोणीत किंवा डब्यात पेंटरसाठीचं टोकन निघालं, किंवा आता क्यूआर कोड असतो, तर दुकानदाराला दाखवून बघा, काही ठिकाणी बिलात थोडं कमी करून देतात.

८. पुट्टी, प्रायमर, घासाघाशी हे सगळं करायलाच पाहिजे का? भाड्याचंच तर घर आहे.

सगळीकडे नाही, जिथे पाहिजे तिथे मात्र करायलाच पाहिजे. माझं पहिलं घर मी या "भाड्याचंच तर आहे" मध्ये बिघडवलं. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली, वाळल्या वाळल्या वर रंग मारला, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर जिथे जिथे पुट्टी तिथे तिथे मळकट ठिपके, बिबट्या दिसत होता नुसता. कारण साधं आहे, पुट्टी कोरडी असते, रंगातलं पाणी शोषून घेते, त्यामुळे तेवढा भाग वेगळा वाळतो. पुट्टीवर प्रायमरचा एक हात गेला की हे थांबतं.

तर भिंत चांगली असेल, नुसती मळलेली असेल, तर झाडून, ओल्या फडक्याने पुसून, हलका पॉलिश पेपर फिरवून, भोकांना पुट्टी आणि फक्त त्या पुट्टीवर प्रायमर, मग दोन हात रंग. भिंतीला पोपडे असतील तर पत्र्याने सगळे सुटे पोपडे काढा, नुसते लोंबणारे नाही, पत्र्याला जे जे उठतंय ते सगळं. मग कडा घासून सपाट करा, पुट्टीचे दोन पातळ हात, एका जाड थराला तडे जातात. दोन हातांच्या मध्ये पूर्ण वाळू द्या, मग २२० चा पेपर, पूड पुसून टाका, प्रायमर, रंग.

छोट्या दुरुस्तीला तयार अॅक्रिलिक पुट्टीचा डबा सोपा पडतो. मोठा भाग असेल तर व्हाइट सिमेंटची पुट्टी गोणीत स्वस्त येते, पण ती पाण्यात कालवली की थोड्या वेळात घट्ट होते, म्हणून एका वेळी एक वाटीभरच कालवा. जुने रंगारी हिला अजून लांबीच म्हणतात, दुकानात हा शब्द ऐकलात तर दचकू नका. आणि टूथपेस्टने भोकं बुजवायचा जो व्हिडिओ फिरतो तो विसरा.

९. भिंतीला ओल आहे. वॉटरप्रूफ पेंट मारला की थांबेल ना?

नाही थांबणार. सगळ्यात जास्त पैसे याच्यात वाया जातात, म्हणून जरा लांबण लावतो. ओल म्हणजे भिंतीत पाणी आहे, ते कुठून तरी आत येतंय आणि कुठून तरी बाहेर पडणार. आतून तुम्ही कितीही भारी पेंट मारा, ते पाणी एक तर रंगाला फुगे आणून बाहेर येईल नाहीतर दोन फूट बाजूला सरकून तिथे डाग पाडेल. पांढरा मिठासारखा खार दिसत असेल तर पाणी भिंतीतून वाहून क्षार बाहेर आणतंय हे नक्की, त्यावर पुट्टीसुद्धा टिकत नाही.

आधी पाणी कुठलं ते बघा. फक्त पावसाळ्यात दिसतं, बाहेरच्या बाजूच्या भिंतीला आहे, तर बाहेरचं प्लास्टर. बारा महिने आहे, बाथरूमच्या भिंतीच्या पाठीमागे किंवा वरच्याच्या मोरीखाली आहे, तर नळ किंवा टाइल्सचे सांधे. सगळ्यात वरच्या मजल्यावर सीलिंगला, तर गच्ची. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बायलॉज) पावसाचं पाणी, बाहेरच्या कॉमन पाइपलाइनचं लिकेज आणि गच्चीतून गळणारं सोसायटीने दुरुस्त करायचं असतं, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकचं लिकेज त्या त्या मेंबरने. पण मेंबर तुमचा मालक आहे, तुम्ही नाही, म्हणून सोसायटीला पत्र त्याच्याच नावाने जायला पाहिजे. फोटो काढून त्याला पाठवा आणि ती भिंत तोपर्यंत सोडा, कपाट चार बोटं पुढे ओढून ठेवा म्हणजे हवा खेळेल.

नुसती काळी बुरशी असेल, भिंत हाताला कोरडी लागत असेल, तर तो बंद हवेचा प्रकार आहे. खिडक्या उघडून, ग्लोव्हज घालून, ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसा, चांगलं वाळू द्या, मग रंगवा. ब्लीचमध्ये बाथरूमचं अॅसिड किंवा दुसरा कुठलाही क्लीनर मिसळू नका, विषारी गॅस तयार होतो.

१०. पावसाळ्यात कलर काढला तर?

शक्यतो नको. जून ते सप्टेंबर मुंबईत हवेतच एवढं पाणी असतं की पुट्टी दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या पुट्टीवर मारलेला रंग फुगतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत कधीही करा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सगळं शहर रंगवत असतं, तुम्हाला पेंटर लागणार नाही म्हणून निवांत दिवाळीनंतर केलंत तरी चालतं. पावसाळ्यातच घर बदलायला लागलं तर भोकं बुजवून एकच भिंत करा, पंखा लावून दुप्पट वेळ वाळू द्या, बाकी ऑक्टोबरमध्ये.

११. आमची वन आरके आहे, सामान कुठे हलवायचं? राहायचं कुठे?

हा खरा मुंबईचा प्रश्न. सगळं सामान खोलीच्या मधोमध गोळा करा, कपाट-फ्रिज भिंतीपासून दोन फूट पुढे, वर चादर आणि प्लॅस्टिक, आणि चारी बाजूंनी तुम्ही फिरा. ते जमत नसेल तर निम्मी निम्मी खोली: शनिवारी दोन भिंती, सामान दुसऱ्या बाजूला, रविवारी उलट. फक्त दिवस बदलताना कोपऱ्यात थांबा, भिंतीच्या मध्ये नाही.

क्रम असा ठेवा: शुक्रवारी रात्री पडदे, फ्रेम, घड्याळ, खिळे काढून घासणं आणि पुट्टी, म्हणजे रात्रभर वाळते. शनिवारी सकाळी पुट्टीवर पेपर, पुसणं, प्रायमर. दुपारी सीलिंग करायचं असेल तर आधी सीलिंगच, कारण त्याचे थेंब भिंतीवर पडतात. संध्याकाळी भिंतीचा पहिला हात, रविवारी दुसरा. दोन हातांमध्ये किमान चार-सहा तास जाऊ द्या, हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नसतं. स्विचबोर्डच्या जवळ ओलं काम करताना मेन स्विच बंद, आणि सीलिंग करताना पंख्याचा स्विच बंद करून त्यावर टेप मारून ठेवा, घरातलं कोणीतरी सवयीने लावतंच.

रात्री झोपायला सासूबाईंकडे किंवा मित्राकडे गेलात तर बरं. इमल्शन पाण्यातलं असतं, वास ऑइल पेंटएवढा नसतो, तरी दमा असलेला माणूस किंवा तान्हं बाळ त्या खोलीत नको.

१२. रोलरचे पट्टे दिसतायत, काय चुकलं?

बहुतेक वेळा तीनांपैकी एक. रोलर कोरडा पडेपर्यंत ओढला, किंवा अर्धी भिंत करून चहाला गेलात आणि कडा वाळली, किंवा रंगात पाणी जास्त झालं. पाण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, तेच ठेवा आणि प्रत्येक बादलीला सारखं ठेवा, "थोडं पातळ केलं की पुरतं" हा हिशोब तिसऱ्या हातावर येऊन संपतो. एक भिंत वरून खाली एका दमात संपवा. आणि पट्टे बघून घाबरायच्या आधी पूर्ण वाळू द्या, ओलं असताना सगळंच भयंकर दिसतं.

१३. किचनची भिंत तेलकट आहे, दारं-ग्रिल पण करायचेत.

किचनला आधी भांड्यांच्या लिक्विडच्या कोमट पाण्याने घासून, साध्या पाण्याने पुसून, एक दिवस वाळू द्या. फोडणीचा थर राहिला तर रंग त्यावर घसरतो.

दारं-ग्रिल मी भाड्याच्या घरात करत नाही. ऑइल पेंट, टर्पेंटाइन, दोन दिवस वास, आणि ग्रिलचा गंज काढण्यात कंबर जाते. मालकाला करू दे.

१४. जुनी बिल्डिंग आहे, घरात लहान मूल आहे. जुना रंग घासला तर धोका आहे का?

असू शकतो. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा आहे आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याच्या आधीच्या थरांत, विशेष करून जुन्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं वाईट. म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका, पाणी मारून वॉटर पेपरने घासा, मशीन तर अजिबात नको. मूल आणि गरोदर बाई दोघांनाही त्या दिवशी घराबाहेर ठेवा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. थर घट्ट असेल, सुटत नसेल, तर खरवडायच्या भानगडीत न पडता ओल्या पेपरने चमक घालवून वर प्रायमर मारणं जास्त शहाणपणाचं.

१५. सोसायटीची परवानगी लागते का?

आतल्या भिंतींना बहुतेक ठिकाणी नुसतं कळवलं तरी चालतं, पण सेक्रेटरीला एक मेसेज टाका, दुपारी दोन ते चार घासाघाशी करू नका, पुट्टीची गोणी लिफ्टमध्ये सांडू नका. दाराच्या बाहेरची भिंत, गॅलरीची बाहेरची बाजू, पॅसेज यांना हात लावायचा नाही, त्या तुमच्याही नाहीत आणि मालकाच्याही नाहीत.

१६. आम्ही पागडीच्या खोलीत आहोत. आम्हालाही हेच नियम?

नाही. पागडीवाला हा १९९९ च्या कायद्याखालचा संरक्षित भाडेकरू आहे, आणि कलम १४ प्रमाणे जागा राहण्यालायक दुरुस्त ठेवायची जबाबदारी घरमालकाची आहे, त्याने नोटीस देऊनही केलं नाही तर भाडेकरूने स्वतः करून ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळतं करून घेण्याची सोय त्यातच आहे. प्रत्यक्षात पागडीचं भाडं एवढं कमी असतं की वळतं काय करणार, म्हणून सगळे आपल्या पैशानेच करतात. आतला कलर म्हणजे काही पक्कं बांधकाम नव्हे, त्यावरून खोली जाईल अशी भीती बाळगू नका.

उपकरप्राप्त इमारत (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी बिल्डिंग) असेल तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ बिल्डिंगच्या ढाच्याची दुरुस्ती बघतं, तुमच्या आतल्या कलरशी त्याचा संबंध नाही. आणि रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा जोरात चालू असतील तर डिस्टेंपरचा एक हात, बास.

१७. एक भिंत गडद निळी करायचीय. करू का?

मालकाने शेडचं नाव वाचून हो म्हटलं असेल तर करा. फक्त परतीचा खर्च आधीच धरा, गडद भिंत पांढरी करायला प्रायमर आणि वर तीन हात लागतात. हौस असेल तर पलंगामागची छोटी भिंत निवडा. चिकटवायचा वॉलपेपर हा यावरचा उपाय वाटतो, पण कमकुवत प्लास्टरवरून काढताना तो रंग आणि पुट्टी दोन्ही सोबत घेऊन येतो.

१८. घर सोडताना मालक कलरचे पैसे डिपॉझिटमधून कापतोय. भोकं तर आम्ही बुजवली होती.

प्रश्न १ मधले फोटो आता बाहेर काढा. घेताना भिंत कशी होती, मेसेजमध्ये काय ठरलं होतं, कुठला शेड मारला, हे दाखवता आलं की बोलणं बरंच सोपं होतं. भिंत वापराने मळणं वेगळं आणि ड्रिलने प्लास्टर उडवणं वेगळं, ड्रिलने उडालेल्या प्लास्टरचे पैसे मागितले तर ते रास्त आहे.

टचअप करताना नुसता ठिपका रंगवू नका, तोच डबा असला तरी जुना रंग फिका पडलेला असतो आणि ठिपका उठून दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत एक हात मारा. म्हणूनच डब्याच्या झाकणावरच्या शेड नंबरच्या स्टिकरचा फोटो पहिल्याच दिवशी काढायचा. चावी देताना मालकाला दिवसा बोलवा, संध्याकाळी ट्यूबलाइट एका बाजूने पडली की सरळ भिंतही खडबडीत दिसते.

१९. मालक भाड्यातून पैसे वळते करतो म्हणाला, आम्ही कलर काढला, आणि आता त्याने फ्लॅटच विकला. नवीन मालक म्हणतो मला माहीत नाही.

असा प्रश्न आत्तापर्यंत तीनदा आलाय. शब्द जुन्या मालकाने दिलेला असतो, त्यामुळे आधी त्यालाच गाठा, बिलं आणि मेसेज पाठवून. तुमचं डिपॉझिट नवीन मालकाकडे वर्ग होताना जो कागद होतो त्यातच "अमुक रक्कम वळती करायची बाकी" ही ओळ टाकून घ्या, त्या वेळी तिघंही बोलायच्या मूडमध्ये असतात, नंतर नसतात. फ्लॅट बघायला लोक येतायत असं दिसलं तर कलरचा बेत तिथेच थांबवा.

२०. उरलेला रंग आणि रिकामे डबे?

पाव लिटर रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकणाने ठेवा, शेड नंबर लिहून, टचअपला लागेल. बाकीचा शेजारी, वॉचमनची केबिन, कोणालाही द्या. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो आणि खालच्याशी भांडण होतं. रंगाचे डबे घनकचरा नियमांत ओल्या-सुक्यापासून वेगळ्या कचऱ्यात धरतात, त्यामुळे ओल्या कचऱ्यात नको, आतला रंग पूर्ण वाळवून वेगळे द्या. रोलर-ब्रश लगेच धुवा, उद्यावर ढकललात तर फेकायचेच. वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली मात्र भंगारवाल्यापर्यंत पोचतच नाही, बिल्डिंगमधलं कोणीतरी आधीच सांगून ठेवतं, फरशी धुवायच्या पाण्याला चांगली पडते, पिण्याच्या पाण्याला वापरू नका.